सासूबाईंच्या नशिबावर स्वारी जाहली त्याची हकीकत

वाचणारांनी मन स्थिर करावे, मोबाईल मुके करावे, आणि मग पुढे यावे. सिनेमाधुरंधर, कल्पनासागर, राजश्री जावईबापू यांणी नशीब चोरणाऱ्या इसमाचा थरारपट काढावयाचे मनी आणिले, त्या मोहिमेत संकटे कोणती गुदरली आणि अखेर फत्ते कैसी जाहली, ते साद्यंत लिहितो. लिहिणारास कोणाचा पक्ष नाही. चहा मात्र जावईबापूंच्या फौजेत घेतला, हे नाकबूल करीत नाही.

थरारपटाचे कथानक ऐसे जे, चोराने मिठी मारिली की समोरच्याचे नशीब निघोन चोराचे अंगी यावे. शेवटले प्रसंगी चोर एका अनोळखी माणसास मिठी मारतो आणि लागलीच दोन फासे टाकतो, आणि दोहोंवर सहा पडतात. हा प्रसंग एका दमात, मध्ये कोठे न कापता, खरे फासे टाकोनच घ्यावा, हा जावईबापूंचा पण. कॅमेरामन सरदार, लग्ने टिपता टिपता केस पिकलेले, त्यांणी अर्ज केला जे, फाशांच्या सर्व बाजूंस सहा ठिपके रंगवावे, कोणास कळते. तेव्हा जावईबापू बहुत क्रोधायमान होऊन गर्जले, "खोटं दान? माझ्या सिनेमात? त्यापेक्षा झेरॉक्सचं दुकान टाकीन!"

आता रणभूमी पाहिजे. जुने गोल टेबल, पिवळा दिवा आणि हिरवा पडदा असलेले घर एकच, ते तिसरे मजल्यावर सासूबाईंचे. सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या, सायंकाळी परतणार होत्या. त्यांची परवानगी मागणे म्हणजे वाघिणीस विचारून तिची गुहा झाडणे, सबब मागितली नाही. किल्ली कन्येपाशी होती. कन्या म्हणजे जावईबापूंचे कुटुंब, आणि फौजेत रंगरंगोटीचे खाते तिजकडे. तिणे किल्ली दिली, परंतु ताकीद दिली जे, अंधाराआधी घर होते तैसे झाले पाहिजे. "आईला कळलं तर मी तुला ओळखत नाही," ऐसे बोलोन तिणे पावडरचा डबा उघडला.

सासूबाईंचे नशीब अवघ्या इमारतीत मशहूर. लिफ्ट त्यांची वाट पाहात उभी असे, त्या रांगेत लागल्या की शेजारची नवी खिडकी उघडे, आणि विसरलेली छत्री कोणीतरी घरी आणोन देई. चहात माशी पडलीच तर ती जावईबापूंच्या कपात पडे.

प्रातःकाळी फौज दाखल जाहली. तालीम सुरू जाहली, कॅमेरा बंद होता, आणि चोराचे काम करणारे नट, ज्यांस दोस्त मंडळी 'पडेल' म्हणत, त्यांणी सहज फासे टाकिले, तों दोहोंवर सहा! एकच हाहाकार जाहला. मग कॅमेरा चालू करोन पुन्हा टाकिले, तों एक आणि दोन. चौकशीअंती आवाजवाल्याने जबानी दिली जे, मध्यंतरी कॅमेरामन सरदारांनी पडेलांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारिली, नशीब तेव्हाच गेले. तितक्यात सरदारांस कधीचा हरवलेला चष्मा स्वतःच्याच डोक्यावर सापडला, मग पुरावा आणखी काय पाहिजे? आपणच रचिलेली गोष्ट आपणांसच खरी वाटावी, ही सिनेमावाल्यांची जुनी खोड.

जावईबापूंनी हुकूम काढिला जे, आजपासोन कोणी कोणास शिवू नये, आणि सर्वांनी भांडी घासावयाचे रबरी मोजे चढवावे. मग कन्येने पडेलांच्या नाकास लांब दांड्याच्या ब्रशाने पावडर लाविली, ती बहुतांशी कानात गेली. सोफा दोघांनी धरावा तर हातास हात लागेल, म्हणोन एकेकट्याने ढकलिला, आणि तो भिंतीकडे तोंड करोन रुसून बसला. मोजे ऐसे कुरकुरू लागले जे, आवाजवाला म्हणाला थरारपटात कोणी बदक चेपतो आहे. अनोळखी माणसाचे काम त्या आवाजवाल्याकडेच होते, परंतु नशीब जाईल या धास्तीने तो मिठीत ऐसा ताठ उभा राहे की दोघांत एक खुर्ची मावावी. फासे काही केल्या वश होईनात. एक फासा कपाटाखाली गेला, तेव्हा अर्धी फौज पोटावर पडोन शोधीत होती. दुपार ढळली, जावईबापूंच्या तोंडचे पाणी पळाले.

निकराचा शॉट लागला. पडेलांनी भाव आणावयास डोळे मिटले आणि हात पसरले. आवाजवाल्याचा धीर सुटला, तो टेबलाखाली शिरला. त्याच समयी कुलूप उघडले आणि सासूबाई, वाटेत सारे सिग्नल हिरवे मिळाल्याने, वेळेआधी दाखल जाहल्या. पडेलांनी त्यांसच बॅगेसकट कडकडून मिठी मारिली, आणि फासे टाकिले. सहा आणि सहा! कॅमेरा चालू होता.

जल्लोष जाहला, तो सासूबाईंच्या एका नजरेने विझला. "हा कोण? आणि माझा सोफा असा काय बसलाय?" कन्येने नवऱ्याकडे बोट दाखवोन सांगितले जे, ह्या गृहस्थांस आपण ओळखत नाही. मग जावईबापूंनी चाचरत कथानक निवेदन केले. सर्व हसले, सासूबाई हसल्या नाहीत.

"म्हणजे माझं नशीब ह्यानं नेलं? दे परत. मार उलटी मिठी."

पडेल मागे सरले, डोळ्यांत पाणी आले. "काकू, राहू द्या ना थोडे दिवस. परवा मला एका नाटकासाठी बोलावलंय. आजवर मला नाटकात कुणी निवडलंच नाही हो."

सासूबाईंनी त्यांस निरखिले. "बरं. काम मिळालं की आणून दे." मग जावईबापूंकडे वळल्या. "पण तोवर मी बिननशिबाची एकटी इथं राहायची नाही. तुमच्याकडे येते. बॅग भरलेलीच आहे."

कन्येचे डोळे भरोन आले. वडील गेल्यापासोन ती आईस चल म्हणे, आणि आई दर वेळी माझे बरे चालले आहे म्हणे. सासूबाई कित्येक वर्षे निमित्ताचीच वाट पाहात होत्या, ऐसे लिहिणारास वाटते.

त्याउपरि पडेलांस नाटक मिळाले. ते इमानाने नशीब परत करावयास येतात, आणि सासूबाई आतून सांगतात, "आत्ता नको रे, हात ओले आहेत." जावईबापूंनी एकदा जिन्यात त्यांस गाठोन, मग मला तरी मिठी मार, ऐसी विनवणी केली, परंतु पडेल सुज्ञ, पळाले.

येणेप्रमाणे शॉट हस्तगत जाहला, सबब मोहीम जावईबापूंच्या नावे फत्ते म्हणोन नोंदिली असे. त्यांच्या घरी सोफ्यावर आता सासूबाई बसतात, जावईबापूंस स्वयंपाकघरातील स्टूल मिळाले आहे. विजयाच्या नोंदीवर सही त्यांणी तेथेच बसोन केली.