गोधडीखालचे चार सिलिंडर

माणसाची जात विचारू नये, पण आगीची विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं असोद्याचे लीलाधरभाऊ छातीठोकपणे सांगत. लाकूड-कापूस पेटला तर पाणी, पेट्रोलला पावडर, विजेच्या आगीला गॅस आणि तळणाच्या तेलाला त्याचं निराळंच औषध. भुसावळच्या एका कारखान्यात ते आग विझवणाऱ्या खात्यात होते. त्यांच्या काळात तिथे कधी आगच लागली नाही, म्हणून निरोप समारंभात साहेबांनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं. भाऊंना ते जरा लागलंच. शिकलेलं सगळं तसंच राहून गेलं होतं.

मग ते घरी ठेवलेले आग विझवायचे चार लाल सिलिंडर दाखवून पाहुण्यांना शिकवत. त्यांच्या लेकीला, दिपमालेला, बघायला आलेलं पहिलं स्थळ याच शिकवणीतून चहा न घेता उठलं. पण आजचं स्थळ वेगळं होतं. देवपूरचा योगेंद्र दिपमालेने स्वतः निवडला होता, आणि त्याचे आईवडील आज शेतात भरीत खायला येणार होते.

"पप्पा, आज आगीचा विषय नाही. आणि ते लाल सिलिंडर मला दिसायला नकोत," ती म्हणाली.

भाऊंनी शब्द दिला. सिलिंडर दिसायला नकोत म्हणाली, आणायला नकोत असं कुठे म्हणाली? त्यांनी चारही सिलिंडर निंबाखाली आडवे ठेवून वर गोधडी टाकली.

पाहुणे आले. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायला पडली. पलीकडे झोपडीपुढे भाऊंच्या पत्नी लताबाईंनी पुऱ्यांसाठी गॅसवर तेलाची कढई चढवली. सगळं झकास चाललं होतं. फक्त भाऊंचा डोळा गोधडीवरून हलेना. दोनदा जाऊन ते चाचपूनही आले.

योगेंद्रचे वडील वनानाना हे बघत होते. "भाऊ, त्या गोधडीखाले काय शे?"

"काही नाही, नाना. गरज पडली तर काढू."

नानांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "आम्ही माळकरी शेतस."

"माळकऱ्यांनाही लागतं हो," भाऊ समजुतीने म्हणाले. "मी तर म्हणतो, देवळात आधी ठेवावं."

नाना जरा मागे सरकले. "घरमा बी ठेवतस?"

"मग! रोज सकाळी उठलो की आधी बघतो, भरलेले आहेत ना. आमची ही पुसून ठेवते."

नाना उठलेच. "योगेंद्र, गाडी काढ. पोरगी सोनं शे, पण बाप पिणारा शे."

पाहुणे उठलेले दिसताच लताबाई कढई तशीच सोडून त्यांना अडवायला धावल्या. त्या नानांच्या पत्नीचा, मंजुळाबाईंचा, हात धरून विनवत असतानाच मागे कढईतलं तेल भडकलं. ज्वाळा झोपडीच्या पाचटाच्या छपरापर्यंत चढू लागल्या.

नानांनी राग बाजूला ठेवून पाण्याची बादली उचलली. "टाकू नका, भडका होईल!" भाऊ ओरडले आणि त्यांच्या आडवे आले. मग गोधडी फेकली, गॅस बंद केला, नेमका तेलाच्या आगीचा सिलिंडर उचलला आणि लांबून, शिकवलं होतं तसा फवारा मारला. आग विझली.

भाऊंनी विझवलेली ही आयुष्यातली पहिली आग! त्या भरात ते वळले, तर मागे आणखी एक जाळ. "काड्या म्हणजे लाकूड, लाकडाला पाणी," असं पुटपुटत त्यांनी दुसरा सिलिंडर उचलला आणि तीही आग चोख विझवली.

अर्धीकच्ची वांगी राखेच्या पाण्यात तरंगत होती.

नानांनी उरलेले दोन सिलिंडर निरखले. एकाचा वासही घेऊन पाहिला. मग ते खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "भाऊ, माफ करा. माले वाटनं बाटल्या शेतस."

त्या दिवशी असोद्याच्या शिवारात पाहुण्यांना केळी आणि दही जेवायला मिळालं, आणि त्यावरच सोयरीक ठरली. दिपमालेने बापाचा हात तेवढा वेळ सोडला नाही. आपला बाप आपल्याला इतका आवडतो, हे तिला आजच कळलं.

निघताना मंजुळाबाईंनी हळूच विचारलं, "भाऊ, आम्हना घरमा कोणतं ठेवानं?"

लताबाईंनी कपाळाला हात लावला. दिपमाला हसली. "सांगा पप्पा. आता सांगा."

भाऊंनी तोंड उघडलं. चारही प्रकार जिभेवर होते. पण मंजुळाबाई ज्या घराबद्दल विचारत होत्या, तिथल्या स्वयंपाकघरात आता आपली पोर उभी राहणार, हे मनात आलं आणि चारही प्रकार मागे पडले. ते एवढंच म्हणाले, "कढईजवळ झाकण ठेवत जा. पेटलं की गॅस बंद करून वर झाकायचं."

लताबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आणि मी इतकी वर्षं हे चार डबे पुसत बसले?"