साळूताईने गाडी विकायला काढली

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा पाण्यासाठी रांगेत उभा राहायचा आणि कोल्ह्याच्या पोरांनाही शिकवणी लागायची, तिथे साळूताई नावाची एक साळिंदर राहत होती.

बाळांनो, साळिंदर म्हणजे ठाऊक आहे ना? अंगभर काटे. घाबरली की काटे उभे. साळूताईचे तर सकाळी उठल्यापासून उभेच असायचे. तिला टोची नावाची एकुलती एक लेक होती. टोची शिंकली की काटे उभे. नाही शिंकली, तरी उभे. रोज शिंकते, आज का नाही शिंकली?

हसू नका. आणि दारातून जरा आत सरका, वारं लागतं.

तर या साळूताईकडे एक जुनी गाडी होती. चार चाकांची. जंगलात गाडी कुठून आली, असं विचारू नका. जंगलात शाळेची फी कुठून आली, ते विचारलंत का? मग झालं तर.

साळूताईचा नवरा साळोबा नदीपलीकडच्या जंगलात कामाला गेला होता. तिकडे त्याने नवं बीळ बघून ठेवलं होतं. मोठं, हवेशीर. फक्त त्याला दार नव्हतं.

दार नसलेल्या बिळात साळूताई झोपेल का? इथे दाराला आतून कडी होती, कडीला दगड होता, दगडाला ओंडका होता, तरी ती तीनदा उठून बघायची.

म्हणून नवराबायकोचं ठरलं. गाडी विकायची. त्यातून दार घ्यायचं. मग टोचीला घेऊन कायमचं पलीकडे जायचं. नाहीतरी गाडी होडीत मावणार नव्हतीच.

होडी कासवकाका ओढायचे. ते एक दिवस निरोप घेऊन आले.

"पोरी, नवरा विचारतोय, दाराचं काय झालं? आणि लवकर कर बाई. नदी आटत चाललीये. पाणी गुडघ्यावर आलंय."

"कोणाच्या गुडघ्यावर?"

"सध्या बगळ्याच्या. माझ्या गुडघ्यावर आलं की होडी बंद. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत तू इकडे, तो तिकडे."

"चिखलातून चालत गेलं तर?"

"जा की. चिखलात मगरी पसरल्यात. वाटेत चौकशी करतील."

साळूताईचे काटे असे उभे राहिले की शेजारी वाळत घातलेलं टोचीचं टोपडं फाटलं.

आता जाहिरात दिल्याशिवाय गाडी कशी विकणार? पण जाहिरात द्यायची कुठे? साळूताईने शेजारच्या घोरपडमावशीला विचारलं. घोरपडमावशी दिवसभर भिंतीला चिकटून असायची, त्यामुळे तिला जंगलातलं सगळं ठाऊक असायचं.

"पाणवठ्यावर लाव," मावशी म्हणाली. "सगळं जंगल तिथे येतं."

"सगळं म्हणजे? बिबट्यापण?"

"बिबट्या काय पाणी पीत नाही?"

"मग नको. तो वाचेल आणि घरी येईल."

"अगं, जाहिरात वाचून घरी यावं म्हणूनच लावतात ना?"

"यावं हो, पण बिबट्याने नाही."

"बरं, मग टेकडीमागच्या पडक्या विहिरीपाशी लाव. तिथे कोणी फिरकत नाही."

"हे छान!" साळूताई म्हणाली. "एकदम सुरक्षित."

बाळांनो, तुम्हाला वाटेल साळूताई मूर्ख होती. तसं काही नाही. ती आई होती. एवढंच.

तिने पळसाचं मोठं पान घेतलं. स्वतःचा एक काटा उपटला आणि त्याने पानावर लिहिलं : 'गाडी विकणे आहे. घरात वापरलेली. चांगल्या माणसांनीच यावे. पत्ता ओळखीच्यांना माहीत आहे.' मग चार काटे उपटून पानाच्या चार कोपऱ्यांना ठोकले. मधोमध अजून एक ठोकला. वाऱ्याचं काही सांगता येतं का?

वाट बघितली. कोणी आलं नाही. साळूताईला फार आश्चर्य वाटलं.

मग ती माकडांच्या कट्ट्यावर गेली. तिथे जंगलातले सगळे नातेवाईक आणि शेजारी दिवसभर बसून एकमेकांना काही ना काही सांगत असायचे. साळूताईने तिथल्या झाडाला पान ठोकलं. पुन्हा पाच काटे.

कट्ट्यावर एकदम गडबड उडाली. एकाने हात जोडले. दुसऱ्याने फूल दाखवलं. त्याचं बघून पाच-सहा जणांनी फुलं दाखवली. एक वानर म्हणाला, "अभिनंदन!" दुसऱ्याने विचारलं, "कशाबद्दल?" तिसरा म्हणाला, "मुलगी झाली वाटतं." एका चिचुंद्रीने पानाच्या वरच स्वतःच्या लोणच्याची जाहिरात चिकटवली.

शेवटी साळूताईचा चुलतदीर पुढे आला. "वहिनी, घरातली गाडी परक्याला कशाला देता? आमच्याकडे ठेवा. आम्ही वापरत राहू. गाडी चालती राहिलेली बरी असते."

"आणि पैसे?"

"आपल्या माणसांत पैशांची भाषा? वहिनी, मला वाईट वाटलं."

साळूताईलाही वाईट वाटलं. ती घरी आली आणि घोरपडमावशीला म्हणाली, "मला ओळखीच्यालाच गाडी द्यायची आहे, पण ओळखीचं कोणी घेतच नाही."

"कसं घेतील?" मावशी म्हणाली. "ओळखीच्या सगळ्यांनी तुझी गाडी ढकललीये."

हे मात्र खरं होतं.

कासवकाका पुन्हा आले. पाणी आता बदकाच्या पोटाला लागत होतं. साळोबाने विचारलं होतं, टोची केवढी झाली?

त्या दिवशी साळूताई पोपटांकडे गेली. पोपट काहीही ऐकलं की साऱ्या जंगलात ओरडून सांगतात. साळूताईने त्यांना नीट समजावलं. "सांगा, गाडी चांगली आहे. पण एक दार आपोआप उघडतं, तिकडे मुलांना बसवू नका. पट्टा वेलीचा आहे, त्याला गाठ मारा. काच अर्धीच वर होते, म्हणून हात बाहेर काढू नका. गाडीत काही खाऊ नका, ठसका लागतो."

पोपटांना एवढं सगळं कुठे लक्षात राहणार? त्यांनी शेवटचं तेवढं धरलं. साऱ्या जंगलात ते ओरडत फिरले, "हात बाहेर काढू नका! काही खाऊ नका!"

जंगलात घबराट पसरली. सशांनी बिळं बुजवली. हरणांनी दोन दिवस उपास केला. काय झालंय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. साळूताईला तर अजिबातच नव्हतं. ओरडणं ऐकून तिनेही टोचीला आत ओढलं आणि दाराला अजून एक ओंडका लावला.

आता राहिला पाणवठा.

साळूताईने मन घट्ट केलं. पाणवठ्यावर पान लावलं. मग विचार केला, एवढं धाडस केलंच आहे, तर तिठ्यावरही लावू. वारुळापाशी लावू. अस्वलाच्या मधाच्या दुकानाबाहेर लावू. प्रत्येक ठिकाणी पाच काटे. मुख्य वाटेवर सहा, कारण तिथे वर्दळ असते, कोणाचा धक्का लागला तर? पत्ता तिने कुठेच लिहिला नाही. पण जंगलात काट्याने पान ठोकणारी दुसरी होती कोण?

आणि बाळांनो, गिऱ्हाईकं यायला लागली.

पहिलं रानडुक्कर आलं. दार वाजलं.

"कोण?"

"गाडी बघायला आलोय."

"आम्ही ओळखत नाही तुम्हाला."

"मीपण तुम्हाला ओळखत नाही. जाहिरात वाचून आलो."

"घरात कोणी नाही!" साळूताई आतून ओरडली आणि तिने उरलेले काटे सळसळवले. डुक्कर पळालं.

मग दोन सांबरं आली. तीही पळाली. पान सुकलं की साळूताई जाऊन नवं ठोकून यायची, पुन्हा पाच काटे. मग एके दिवशी खुद्द बिबट्या आला. टोची पांघरुणात, पांघरुणावर साळूताई.

"गाडी पेट्रोलवर चालते की डिझेलवर?" बिबट्याने विचारलं.

"घरात कोणी नाही!"

"मग बोलतंय कोण?"

"कोणी नाही!"

"मला डिझेलचीच हवी होती," असं म्हणून बिबट्या निघून गेला.

घोरपडमावशी भिंतीवरून सगळं बघत होती. "साळू," ती म्हणाली, "दार घ्यायचं म्हणून तू गाडी विकतेस. आणि गाडी विकायची तर दार उघडत नाहीस. तुझं नेमकं चाललंय काय?"

"मावशी, तुम्हाला पोरं नाहीत."

"वीस आहेत."

"मग तुम्हाला काळजी नाही."

कासवकाका आले, ते चिखलाने माखलेले. "उद्या शेवटची फेरी," ते म्हणाले. "आलीस तर आलीस. नाहीतर नवऱ्याला काय सांगू?"

साळूताईने लेकीकडे बघितलं. टोची जमिनीवर बाबाचं चित्र काढत होती. बाबाला तिने एकच डोळा काढला होता. दुसरा कुठे असतो, ते तिला आठवत नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं.

"कोण?"

"मी तरस. डोंगरावरची. गाडी बघायला आले."

तरस! साळूताईने सवयीने काटे उभे करायला अंग फुगवलं. काहीच झालं नाही. तिने पुन्हा फुगवलं. मागे वळून बघितलं. पाठ टोचीच्या टोपड्यासारखी मऊ. काटे सगळे जंगलभर झाडांना ठोकलेले. एक उरला होता, तो शेपटीपाशी, तोही वाकडा.

बाहेरून हसण्याचा आवाज आला.

"हसताय कशाला?" साळूताई रडवेली झाली.

"हसत नाहीये हो. आमचं तोंडच तसं. घाबरले की जास्त होतं."

"तुम्ही? कशाला घाबरलात?"

"म्हणजे काय? पाणवठ्यावर तुमचे काटे. तिठ्यावर काटे. मधाच्या दुकानाबाहेर काटे. मी तीन वेळा येऊन अर्ध्या वाटेतून परत गेले. घरी चार पोरं आहेत माझी. म्हटलं, जिच्या जाहिरातीला एवढे काटे, ती बाई कशी असेल!"

साळूताईने दार बोटभर उघडलं. मग दोन बोटं. तरस झाडाआड लपली होती.

"आधी तुम्ही पुढे या," साळूताई म्हणाली.

"नाही, आधी तुम्ही."

शेवटी घोरपडमावशी भिंतीवरून उतरली आणि दोघींच्या मध्ये जाऊन बसली.

मग दोघींनी गाडी बघितली. अशा पद्धतीने गाडी जंगलात आजवर कोणी बघितली नव्हती. इंजिन कोणी उघडलंच नाही.

"दार आपोआप उघडतं," साळूताई म्हणाली. "तिकडे मुलांना बसवू नका."

"बरं झालं सांगितलंत. बाकीचे लपवतात. काचेचं काय?"

"अर्धीच वर होते."

"मग हात बाहेर काढतील की!"

"तेच तर मी म्हणते!"

दोघींना एकदम जवळचं वाटलं.

"सुरू होते ना?" तरसबाईने विचारलं.

साळूताईने मान खाली घातली. "उतारावर होते."

"आम्हाला उतारच उतार आहे. आणि वर न्यायला आम्ही खूप जण आहोत. ढकलू." मग ती चाचरली. "फक्त एक आहे. पैसे नाहीत माझ्याकडे. आमच्या गुहेचं दार आहे. सागवानी. आमच्याकडे तसंही कोणी येत नाही. चालेल?"

साळूताई पुढे सरकली. "कडी आहे?"

"दोन आहेत. वर एक, खाली एक."

"आतून?"

"आतून."

एवढा सुंदर सौदा त्या जंगलात पुन्हा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी होडी निघाली. पाणी कासवकाकांच्या गुडघ्याला लागत होतं. होडीत टोची, टोचीमागे साळूताई आणि साळूताईने दोन्ही हातांनी धरलेलं सागवानी दार. होडी हलली की ती दाराआड व्हायची. सवय, दुसरं काय.

पलीकडच्या काठावर साळोबा उभा होता. त्याने होडीत दार येताना बघितलं. दारापुढे आपली लेक बघितली. मग दाराआडून एक गुळगुळीत, गोरंमोरं तोंड बाहेर आलं.

साळोबाचे काटे उभे राहिले.

"कोण आहे?" तो ओरडला.

"अहो, मी!"

"मी कोण? आम्ही ओळखत नाही तुम्हाला! टोचे, इकडे ये! परक्या बाईबरोबर होडीत बसू नये, एवढंसुद्धा आईने शिकवलं नाही तुला?"

साळूताईला राग यायला हवा होता. पण माणूस किती काळजी घेतो, ते बघून तिचा जीव निवला. आपल्या घरात आपण एकट्याच अशा नाही तर.

तिने होडीतच दार उभं धरलं आणि त्यावर टकटक केलं.

तात्पर्य : अनोळखी माणसाला दार उघडू नये. गाडी विकायची असेल तर तेवढ्यापुरतं उघडावं, सौदा झाला की पुन्हा लावावं. जाहिरात कुठेही द्या, फार फरक पडत नाही. फक्त ती डिंकाने चिकटवा. काटे पुढे लागतात.

चला, झोपा आता. कडी मी बघते. बघितली आहे, तरी बघते.