ऊन मोजणारे नागूअण्णा

आमच्या मुरूम गावात नागूअण्णांना कुणी "आज लई ऊन हाय" म्हटलं, की ते विचारतात, "किती?" समोरचा नुसता घाम पुसतो. मग अण्णा सुनावतात, "अंदाजानं बोलू नका."

माणूस हयातभर मोंढ्यात मापाडी होता. तुरीची पोती काट्यावर तोलण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर तोलायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी हवा धरली. मोबाइलवरचं तापमान त्यांना मान्य नाही. "त्यो आकडा कुणाच्या अंगणातला? माझ्या अंगणातला सांगा."

शेवटी लेकीनं पुण्याहून बिनतारी थर्मामीटर पाठवला. एक डबी बाहेर टांगायची, ती तापमान मोजते. दुसरी घरात ठेवायची, तिच्यावर आकडा दिसतो. मी शेजारी, त्यातून शाळामास्तर. माहितीपत्रक वाचायला मला बोलावणं आलं. पण मी पोचेपर्यंत अण्णांनी बाहेरची डबी पत्र्यावर ठेवलीसुद्धा होती. आकडा आला एकोणसाठ. तासाभरात ही बातमी बसस्टँडवर पोचली आणि दोघांनी शेताकडं जायचं रद्द केलं.

"अण्णा, सावलीत टांगायचं असतंय. हे ऊन न्हाय, पत्रा मोजतंय."

"मग तसं लिवायचं की!"

"लिहिलंय."

"बारीक लिवलंय."

डबी उतरवून घरामागच्या भिंतीला लावली. आता आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. अण्णांनी सेल काढले, फुंकर मारली, पुन्हा घातले. रेघा. डबी उंच धरून अंगणभर फिरले. रेघाच. मी पत्रक वाचून दाखवलं: आधी बाहेरच्या डबीत सेल घाला, मग घरातल्या; दोन्ही शेजारी ठेवून आकडा जुळू द्या; मध्ये जाड भिंत नको. अण्णांची भिंत दगडी, हातभर जाडीची. "आज्यानं बांधलीया. तिला काय सरक म्हणू?"

शेवटी खिडकीसमोर, ओसरीच्या वाशाला डबी टांगली आणि एकेचाळीस आला. अण्णांनी तो पाटीवर खडूनं लिहून दारात लावला. रोज दुपारी पाटी बदलू लागली.

चौथ्या दिवशी पाटीवर सेहेचाळीस. पुन्हा बिघडलं वाटतं, म्हणून मी ओसरीत गेलो, तर वाशाला डबीच नव्हती. अंगणापलीकडं अण्णांच्या थोरल्या बहिणीची, गंगाक्काची पत्र्याची खोली आहे. डबी तिच्या खिडकीला, आतल्या बाजूनं लटकत होती.

गंगाक्का दोन वर्षं अण्णांशी बोलत नाहीत. त्यांच्या खोलीवर सावली धरणारा कडूलिंब अण्णांनी डिशला आडवा येतो म्हणून तोडला, तेव्हापासून. दगडी घरात राहायला या म्हटलं, तरी आल्या नाहीत.

"ती देवळात गेल्ती तवा लावली," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "पंचेचाळीसच्या वर गेलं की..."

त्यांनी नळाला पाइप जोडला आणि भर उन्हात उभं राहून बहिणीच्या पत्र्यावर पाणी मारू लागले. पत्रा चरचरला.

आतून आवाज आला, "गुरुजी हायेत का भाईर?"

"आहे, अक्का."

"त्याला सांगा, डोक्याला टावेल गुंडाळ म्हणावं."

अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. तरी मी निरोप दिला. त्यांनी पाइप माझ्या हातात ठेवला, खांद्यावरचा टॉवेल काढून नीट डोक्याला गुंडाळला. मग खिडकीकडं न बघताच म्हणाले,

"तिला सांगा, गुंडाळला."