अण्णांचा कॅमेरा आणि मधलं पाणी

आमच्या कॉलनीतले बाळूअण्णा गंगापूर धरणात कयाक घेऊन उतरतात, तेव्हा त्यांच्याकडे दोन लाइफ जॅकेट असतात. एक अंगात, दुसरं मांडीवर. मांडीवरचं कॅमेऱ्याचं.

त्या जॅकेटच्या आत घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, झाकणाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी, डब्यात पिशवी आणि पिशवीत मलमलीत गुंडाळलेला कॅमेरा. सोबत नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. त्या पुड्यांपायी अण्णांनी अख्ख्या कॉलनीला नवे बूट घ्यायला लावले. माझ्याच घरी चार जोड पडून आहेत. शिवाय डब्याला दोन दोऱ्या. एक नावेला, एक अण्णांच्या कमरेला.

अण्णा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. तिथे पानासुद्धा दोरीने बांधलेला असायचा म्हणे. एक हरवला तर विमान उघडून शोधायचं. तेव्हापासून "बांधलं का?" हा त्यांचा नमस्कार. माझ्या लग्नात मुंडावळ्यांना हिसका देऊन त्यांनी खात्री करून घेतली होती.

एका संध्याकाळी त्यांच्या कयाकमध्ये मागच्या जागी मी बसलो. पाणी इतकं निश्चल की डोंगर उलटे लटकलेले आणि आम्ही ढगांवरून घसरत चाललेले. ढगाला भोक पडेल म्हणून मी वल्हंसुद्धा हळूच बुडवत होतो. तेवढ्यात चित्रबलाकांचा थवा आला. इतका मोठा, की नाशकात लोकांनी दिवे लावले असतील.

"अण्णा, काढा की फोटो."

"थांब रे, हात पुसू दे."

डबा उघडेपर्यंत थवा पार पलीकडे पोचला. अण्णांनी शांतपणे नुसत्या पाण्याचा फोटो काढला. मग आणखी एक, तोही पाण्याचाच.

"अहो, पक्षी गेले."

"जाऊ दे. तुझ्या वहिनीला पाणीच बघायचंय. तेही मधलं, खोल."

तिसरा काढतानाच समोरून एका मोटारबोटीची लाट आली. कयाक कलंडायला लागली. अण्णांनी दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरला आणि त्यांचं वल्हं वाहून गेलं. सगळं बांधणाऱ्या माणसाने तेवढंच बांधलं नव्हतं.

नाव सावरल्यावर मी विचारलं, "पोहता येतं ना?"

"नाही."

"मग इथे कशाला येता?"

"तुझी वहिनी पोहायला यायची ना रोज. मी काठावर थांबायचो."

एका वल्ह्याने मी आम्हाला काठाला आणलं, आणि त्यांच्यासोबत घरी गेलो. दोन वर्षांपूर्वी वहिनींचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हापासून त्यांची खाट खिडकीशी असते. त्यांचं माहेर धरणाच्या काठचं. अण्णांनी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर नुसतं पाणी, आणि वहिनी ते पत्र वाचावं तशा वाचत होत्या.

"वारा पडलेला व्हता आज."

"हो."

"आन हे पाणी फुटलंय ते? लाट आली व्हती?"

"बारीकशी."

वहिनींनी चांगला हात अण्णांच्या बाहीवर ठेवला. बाही कोपरापर्यंत ओली होती.

"उद्यापासून काठचं पाणी आणत जा," त्या म्हणाल्या. "मला आता तेच लय आवडतं."