सौजन्यरहित गिअरबॉक्स

पश्चिम डोंगरी आरोग्य साहाय्य मंडळ, नाशिक, यांच्या एकमेव रुग्णवाहिकेला टर्बो बसवण्याचा समारंभ सन १९९८च्या माघ महिन्यात, सकाळी साडेअकराच्या मुहूर्तावर, दुपारी दोन वाजता पार पडला. नारळ फुटला, फीत कापली गेली. अध्यक्ष किशोरभाऊंनी 'यापुढे मरण मागे आणि गाडी पुढे' असं जाहीर केलं. गाडीच्या मागच्या दारावर तांबड्या अक्षरांत 'टर्बो' लिहिलं होतं आणि त्याखाली, त्याच्या दुप्पट आकारात, 'सौजन्य : किशोरभाऊ'.

ड्रायव्हर जयराम एका बाजूला टोपी हातात घेऊन उभा होता. खरं तर हा टर्बो त्याच्याच अर्जाचं फळ. गाडी जपानातून भेट आलेली, क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी. सपाटीला लोण्यासारखी चालायची. पण पेठ बाजूच्या खेड्यांतून पेशंट घेऊन नाशिककडे घाट चढायचा म्हटला की धापा टाकायची. जयराम स्वतः घाटाखालच्या खैरपाड्याचा. त्याची लेक आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोटातलं मूल आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "चैत्रात कळा सुरू झाल्या की तासाभरात नाशिकला आणायची. घरी नाही सुटायची ही." म्हणून जयरामनं अर्ज केला होता, की घाटात गाडीला दम पुरत नाय, काहीतरी करा. मंडळानं केलं.

टर्बो बसल्यावर गाडी चार दिवस उधळली. पाचव्या दिवशी घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी मात्र जागच्या जागी. काचा खाली केल्या तर जळक्या तेलाचा वास. जयरामनं दहा मिनिटं इंजिन निवू दिलं, देवाचं नाव घेतलं, कसाबसा वर आला आणि गाडी थेट अंबडला भिमाजी मिस्तरींच्या गॅरेजात घातली. भिमाजींनी ओझरला विमानांच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली होती. ते गाडीखाली गेले, काळ्या तेलात बोट बुडवून बाहेर आले आणि ते बोट जयरामच्या नाकाला लावलं.

"कशाचा वास आला?"

"जळका हाय अण्णा."

"गिअरबॉक्सच्या प्लेटा जळाल्या. अरे, इंजिनाला तालमीत घातलंस, पैलवान केलंस. आणि त्याची ताकद चाकांपर्यंत न्यायची कुणी, तर या काडीपैलवानानं! हा गिअरबॉक्स जुन्या इंजिनाच्या मापाचा आहे. आत जाड प्लेटा टाकायला पाहिजेत, जास्तीच्या टाकायला पाहिजेत, तेलाचा दाब वाढवायला पाहिजे, आणि तेल थंड राहायला पुढं एक कूलर. सामान आणून दे, आठ दिवसांत करून देतो. नाहीतर चैत्रात तू आशाला खांद्यावर घेऊन येशील, लिहून ठेव."

जयरामनं लिहून ठेवलं. म्हणजे अर्जात लिहिलं आणि मंडळाच्या सचिव तृप्ती मॅडमच्या टेबलावर ठेवलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. त्यावर सुवाच्य अक्षरात अभिप्राय होता : 'सदर भाग वाहनाच्या पोटाखाली असून देणगीदाराचे नाव दिसेल असा पृष्ठभाग उपलब्ध नाही. सबब प्रस्ताव विचारात घेता येत नाही.'

"म्हंजे काय मॅडम?"

"म्हणजे असं जयराम, आपलं मंडळ देणग्यांवर चालतं. सायरनवर नाव आहे, स्ट्रेचरवर आहे, फिनाईलच्या बाटलीवरसुद्धा आहे. गिअरबॉक्सवर लिहिलं तरी वाचणार कोण?"

"पन गाडी चढत नाय ना!"

"ते मी शेऱ्यात घेतलंय," मॅडम म्हणाल्या, आणि खरोखरच घेतलं होतं. 'गाडी चढत नाही, हे नोंदले.'

तरी मॅडम मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याला विचारलं. शेठ माणूस दिलदार, चक्क गॅरेजात आले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गुडघे टेकून त्यांनी गाडीखाली डोकावून पाहिलं आणि विचारलं, "पाटी लावली तर रस्त्यावरून दिसेल का हो?"

"गाडी उलटली तर दिसेल," भिमाजी म्हणाले.

पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात याची नोंद झाली : 'गाडी उलटल्यास नाव दिसू शकेल, असा तज्ज्ञांचा अभिप्राय. तथापि आत रुग्ण असताना हे गैरसोयीचे ठरेल. विषय तहकूब.'

शेठनी मग गिअरबॉक्सऐवजी गाडीत पिण्याच्या पाण्याची शंभर लिटरची टाकी बसवून दिली, सर्व बाजूंनी नाव असलेली. हे कळल्यावर येवल्याचे एक पैठणीवाले मागे कसे राहतील? त्यांनी पेशंटच्या अब्रूसाठी जाड पडदा दिला, पैठणीच्या काठाचा, आणि तो टांगायला छताला लोखंडी दांडा. एका ज्येष्ठ नागरिक संघानं सर्व देणगीदारांच्या नावांची संगमरवरी शिळा दिली. ती गाडीबाहेर कुठे बसेना, म्हणून स्ट्रेचरशेजारी बसवली. नातेवाईकांची जागा गेली. पण नातेवाईक कुठे देणगीदार होते!

प्रत्येक देणगीनं गाडी जड होत गेली आणि जड होईल तसतशी लवकर थांबू लागली. तिसऱ्या वळणावर थांबणारी दुसऱ्यावर थांबू लागली. जयराम तणतणत मंडळात गेला. किशोरभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताकद कमी पडते ना? मग ताकद वाढवा! टर्बोचा दाब वाढवा!"

"भाऊ, ताकद लय हाय. ती चाकापर्यंत जात नाय. गिअरबॉक्स—"

"जयराम, तू ड्रायव्हर आहेस. समोर बघून चालव, खाली कशाला बघतोस?"

भिमाजींनी साफ नकार दिला. "मी असल्या पापात हात घालणार नाही," म्हणाले. पण गावात मिस्तरी काय एकच असतो? दुसऱ्यानं दाब वाढवून दिला. पुन्हा नारळ, पुन्हा फीत. मागच्या दारावर 'टर्बो'च्या आधी 'सुपर' आलं. त्या दिवशी जयरामनं पेढा घेतला आणि तसाच खिशात टाकला. चैत्राला बारा दिवस राहिले होते.

कळा अकराव्याच दिवशी सुरू झाल्या, भर दुपारी दीडला. बाराची एसटी गेलेली, पुढची संध्याकाळी. चैत्र जवळ आला तशी जयराम गाडी पाड्यावरच उभी करायचा. त्यानं आशाला तीत घेतलं. बायको विठाबाई संगमरवरी शिळेवरच बसली, दुसरी जागाच नव्हती. पाड्यावरची चार माणसं पाण्याच्या टाकीला धरून उभी राहिली. सायरन लावला. गाडी अशी काही गरजली की रानातली गुरं पळाली.

पहिल्याच वळणावर गिअरबॉक्सनं हात टेकले. इंजिन आभाळ फाडत होतं आणि गाडी सावकाश मागे घसरत होती. चौघांनी उड्या मारून चाकांना दगड लावले. आशा ओरडत होती, "बाबा, काही तरी करा ओ!" आणि बाबाच्या पायाखाली एवढी ताकद होती की चार गाड्या ओढून नेईल. त्यातली वीतभरही त्याच्या लेकीच्या कामाची नव्हती. जयरामनं स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं आणि मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांना, हुद्द्यांसकट, शिव्या दिल्या.

मग तो मागे गेला. पैठणीचा पडदा ओढून काढला, छताचा लोखंडी दांडा उपसला, झोळी बांधली आणि आशाला तीत घातलं. सगळ्या देणग्यांपैकी पेशंटच्या कामी आलेल्या या पहिल्याच दोन वस्तू. चौघांनी आळीपाळीनं खांदा दिला. पाऊण तासात झोळी घाटमाथ्यावर पोचली. तिथून कांद्याच्या एका टेम्पोनं, गोण्या उतरवून ठेवून, त्यांना नाशिकला नेलं. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, निळी पडलेली. दोन दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि जगली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून अर्धा तास झाला असता तर दोघीही गेल्या असत्या."

मंडळाच्या वार्षिक अहवालात छापून आलं : 'सुपर टर्बो रुग्णवाहिकेच्या साहित्याच्या साहाय्याने यशस्वी प्रसूती : एक.'

मुलीचं बारसं खैरपाड्यावर झालं. सगळा पाडा जमला होता, भिमाजी अंबडहून आले होते. जयराम गेले कित्येक दिवस एकच विचार करत होता. गाडी गॅरेजात मरून पडली होती. सामान मिळालं तर मजुरी घेणार नाही, असं भिमाजींनी सांगितलं होतं. आणि शेजारच्या बुधाच्या सुनेला आठवा लागला होता, तिचंही मूल आडवंच. पाळणा हलवून झाल्यावर जयराम उभा राहिला.

"मंडळाची वाट बघू नका," तो म्हणाला. "त्यांची अक्कल तुम्ही पाह्यली. भेट म्हणून जे आणलं असंल ते परत न्या. मला काय नको, माझ्या नातीलाबी काय नको. तेवढ्याचं आपण सगळ्यांनी मिळून गिअरबॉक्सचं सामान आणू. आज माझी पोर वाचली, उद्या बुधाची सून हाय. परवा तुमची."

बुधानं मान खाली घातली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी पाड्यातला सगळ्यात जाणता माणूस, म्हातारा पुंजा, घसा खाकरून उठला. झोळीला खांदा देणाऱ्यांत त्याचाही मुलगा होता.

"तुझं खरं हाय जयराम," तो कळवळून म्हणाला. "देऊ. कोन नाय म्हनतो? पन गाडीच्या पोटात, तेलात बुडालेली वस्तू ती. त्याच्यावर आमचं नाव कुठं घालायचं?"

आणि त्यानं आणलेला स्टीलचा नवा कोरा हंडा पाळण्यापुढे ठेवला. काठाखाली मशीननं ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं : 'पुंजा व परिवार यांजकडून सप्रेम भेट'. मागोमाग बुधानं आपली कळशी ठेवली. तीही कोरलेली.

हसलात? हसा. डोंगरातली अडाणी माणसं, त्यांना काय कळतंय! फक्त हे पान मिटलं की स्वयंपाकघरात जा, मांडणीवरचं हाताला येईल ते पहिलं भांडं उचला आणि त्याच्या काठाखाली काय लिहिलंय ते एकदा मोठ्यानं वाचा.