संक्रांतीपर्यंत बंद!

मला कसलंही व्यसन नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो आणि सांगताना माझा हात थरथरत नाही. म्हणजे, पूर्वी थरथरत नसे.

मला फक्त भाँडातला चहा आवडतो. कोलकात्यात टपरीवर चहा मातीच्या चिमुकल्या कपात देतात, तो भाँड. चहा प्यायचा आणि रिकामा भाँड शेजारच्या पिंपात फेकायचा. खळ्ळ! अहाहा! अठ्ठावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी साधी फाईल आपटलेली नाही. इथं बदली झाली आणि रोज काहीतरी फोडायची राजरोस परवानगीच मिळाली! एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. पुढे पुढे सॉल्ट लेकच्या ऑफिसातून मी दर तासाला “जरा खाली जाऊन येतो” म्हणू लागलो.

“अहो, हे व्यसन आहे,” मीनाक्षी म्हणाली.

“छे! मनात आणलं तर उद्या सोडेन.”

“मग आणा की मनात!”

आणलं नाही. डिसेंबरात आमच्या साहेबांच्या घरी चहाला गेलो. गप्पा रंगल्या होत्या. मी शेवटचा घोट घेतला आणि कप सवयीने कोपऱ्यातल्या कुंडीत भिरकावला. खळ्ळ! साहेबांच्या सासूबाईंनी दिलेला, सोनेरी काठाचा कप होता तो! आवाजही, खरं सांगतो, भाँडाइतका चांगला आला नाही.

 घरी पोचताच मी शपथ घेतली, “संक्रांतीपर्यंत बंद!”

तीन आठवडे हात नुसते शिवशिवत होते. ऑफिसात कागदाचे बोळे टोपलीत फेकून पाहिले. आवाजच नाही! घरात येरझाऱ्या घातल्या. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ विचारायला आले, फर्निचर हलवताय का म्हणून. पण शपथ मोडली नाही हो!

संक्रांत उजाडली. पाच वाजता आमच्याकडे हळदीकुंकू होतं, म्हणून मी रजा घेतली होती. दुपारी मीनाक्षी बोरं आणि ऊस आणायला गडियाहाटच्या बाजारात निघाली. “गॅलरीतली टोपली तेवढी आत आणून ठेवा,” एवढं सांगून गेली.

टोपलीवरचं फडकं सरकलं आणि मी जागीच बसलो. एकवीस भाँड! कोरे करकरीत! मला भरून आलं. शपथ संक्रांतीपर्यंतची, आज संक्रांत, आणि बायकोने न बोलता बक्षीस आणून ठेवलेलं. अशी बायको नशिबाने मिळते!

लगेच आधण ठेवलं. एक चहा प्यायलो, भाँड मोरीतल्या बादलीत फेकला. खळ्ळ! तीन आठवड्यांचं पारणं फिटलं. दुसरा प्यायलो. तिसरा. पातेल्यातला चहा संपला, म्हणून चौथ्यात पाणी घेतलं. पाचवा नुसताच फोडला. पुढचेही. गंमत म्हणजे मजा केव्हाच संपली होती, पण हात थांबेना. तेव्हाच ओळखायला हवं होतं!

फोन वाजला. मीनाक्षी.

“टोपली आत आणलीत ना? त्यातली सुगडं पुजायची आहेत.”

“सुगडं? सुगडं काळी असतात ना?”

“इथं कुठली मिळायला? मराठी मंडळातल्या निर्मलाताई म्हणाल्या, चहाचे भाँड घ्या, मातीचेच असतात. वीस जणींना वीस आणि एक माझं. अहो, तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी बायका येताहेत. नीट ठेवा हं!”

टोपलीत तीन उरले होते.

तीन वर्षं ही बाई बालीगंजच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी मराठी बोलत होती, आणि मी तिची सुगडं फोडली होती. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. तसाच, पायजम्यावर गल्लीतल्या टपरीवर धावलो.

“अठरा भाँड द्या! चहा नको, रिकामे!”

“शुधू भाँड?” टपरीवाल्याने मला पायजम्यापासून वरपर्यंत न्याहाळलं. “चा खाबेन ना? दादा, शोरीर ठीक आछे तो?”

“ठीक आहे हो! पूजा! घरी पूजा!”

“ओ, पूजो!” या गावात या शब्दाने कुठलंही दार उघडतं. त्याने अठरा मोजून पिशवीत घातले. पैसेही घेईना.

धापा टाकत घरी आलो. मीनाक्षी परतली होती. खापरांनी भरलेल्या बादलीकडे बघत मोरीच्या दारात बसली होती.

“आणले!” मी पिशवी पुढे केली.

तिने टोपलीतले तीन आणि माझे आणलेले, सगळे पाटावर मांडून मोजले. “वीसच आहेत.”

“एक वाटेत फुटला.”

तिने मान वर केली. “फुटला, की फोडलात?”

टपरीचं पिंप अगदी हाताशी होतं हो!  एवढ्यात बेल वाजली.

हळदीकुंकू झकास झालं. वीस बायका मराठीत एकदम बोलत होत्या आणि मीनाक्षी सगळ्यांत जोरात. वीस सुगडं वीस जणींबरोबर गेली. देवापुढे मीनाक्षीचं सुगड म्हणून माझा स्टीलचा पेला पुजला होता.

आता रोज त्यातच चहा मिळतो. चहा बरा असतो. पेला मी दोनदा आपटून पाहिला.

फुटत नाही.