अंबादास अण्णांचे रातकिडे

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी रातकिडा ओरडायला लागला की तिसऱ्या मजल्यावरच्या अंबादास अण्णांना बोलावतात. कारण रातकिडा अण्णांचाच असतो.

निरोप मिळाला की अण्णा पाच मिनिटांत हजर. पांढरा लेंगा, बंडी आणि हातात लोणच्याची रिकामी बरणी. दारात आल्यावर 'काय म्हणता, कसे आहात' वगैरे काही नाही. थेट हाताने सगळ्यांना गप्प करतात, मान तिरकी करतात आणि डोळे मिटतात. टीव्ही बंद, पंखा बंद. मग एक बोट वर जातं. "फ्रीजमागं हाय. नर हाय. मादी वरडत न्हाय सर, तिला कामं असतात."

अण्णांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. शेडमध्ये एकाच वेळी सगळे माग खडखडत असताना नेमका कुठला बिघडलाय, हे ते म्हणे पाठ फिरवून सांगायचे. वयपरत्वे माग सुटला. पत्नी आधीच गेलेली. मुलगा हरीश पुण्यात इंजिनियर. त्याने जुळे सोलापुरात हा फ्लॅट घेतला, वडिलांना शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीतून इथे आणलं आणि वर्षभराने कंपनीने त्यालाच परदेशात पाठवलं. जाताना तो वडिलांकडे काचेची एक पेटी ठेवून गेला. पेटीत वीतभर लांबीचा दाढीवाला सरडा.

"थोडे दिवस सांभाळा, नाना," हरीश म्हणाला होता; घरात अण्णा म्हणजे नाना. त्याला आता बरेच दिवस झाले.

अण्णांनी सरड्याचं नाव ठेवलं मुकादम. का, तर दिवसभर दिव्याखाली गरम जागा धरून बसतो, स्वतः काडीचं काम करत नाही आणि दुसऱ्यांकडे संशयाने बघतो. या मुकादमाला जिवंत किडे लागतात. सुरुवातीला ते पार्सलने यायचे. मग अण्णांनी एका प्लॅस्टिकच्या टबात, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रचून, रातकिड्यांची पैदासच सुरू केली. टबाला झाकण होतं. पण अण्णा झाकण उघडत, आणि त्याच वेळी त्यांना कुणाशी तरी बोलायची हुक्की येई. तेवढ्यात चार-दोन कार्यकर्ते डक्टमधून खाली उतरत. खालचा फ्लॅट आमचा.

किडा पकडायची अण्णांची पद्धत संथ होती. बरणी आडवी ठेवायची, आत गाजराची चकती आणि ओला कापूस. मग वाट बघायची. "घाई केली की तो गप बसतो. आपण आपलं बोलत राहायचं." आपण बोलत राहायचं म्हणजे अण्णांनी बोलत राहायचं. माझ्या बायकोने, सुनंदाने, चहा टाकायचा. साखर कमी झाली तर किडा सापडायला जास्त वेळ लागतो, असा तिचा अनुभव होता.

शेवटी चेअरमन बिराजदारांनी मीटिंग लावली.

"अण्णा, उद्या ही पिलावळ बिल्डिंगभर झाली तर?"

अण्णा उठून उभे राहिले. "होत न्हाय साहेब. पळालेला किडा संसार थाटत न्हाय. चार दिवस वरडतो आन् मरतो. अंडी घालायला त्याला ओली माती लागतीय. आपल्या फरशीवर कुटं घालणार? हितं माणसाला चार-पाच दिवसाआड पाणी येतंय, किड्याला कोण देणार?"

पाण्याचा विषय निघाल्यावर मीटिंगला खरा जोर आला आणि रातकिडे बाजूला राहिले. अण्णा विजयी मुद्रेने घरी गेले.

पुढच्याच महिन्यात सुनंदा बाल्कनीतून ओरडली. तिने कोथिंबिरीची कुंडी हलवली होती आणि मातीतून मुंगीएवढी पिल्लं टणाटण उड्या मारत होती. पाणी जपून वापरणाऱ्या या गावात सुनंदा त्या कुंडीला भाज्या धुतलेलं पाणी रोज नेमाने घालायची. अण्णांच्या एका मादीला बरोबर तीच जागा सापडली होती.

बातमी बिराजदारांपर्यंत पोचली. "किडे तरी जातील, नाहीतर सरडा तरी," त्यांनी जिन्यातच सांगून टाकलं.

अण्णा खाली आले तेव्हा हातात बरणी नव्हती. कुंडीपुढे उकिडवे बसले आणि बोटाने माती उकरून बघितली.

"अक्का, मी चारचौघांत छातीठोक बोललो की ओ," ते सुनंदाला म्हणाले. "खोटा पडलो."

"सगळ्या सोलापुरात ओली माती माझ्याकडेच निघाली, त्याला तुम्ही काय करणार?" सुनंदा म्हणाली.

पण अण्णांना ते लागलं होतं. मजल्यामजल्यावरच्या कुंड्या त्यांनी स्वतः गच्चीवर नेल्या आणि माती भर उन्हात पसरली. सोलापूरच्या एप्रिलपुढे कुठलंच अंडं टिकत नाही. टब मंद्रूपच्या ओळखीच्या कोंबडीवाल्याला देऊन टाकला. मुकादमाला शेवग्याचा पाला, भोपळा आणि पाकिटातले वाळके किडे सुरू झाले. मुकादमाने दोन दिवस संप केला, मग खायला लागला.

महिन्याभरात बिल्डिंग शांत झाली. मला फार बरं वाटलं.

एकदा संध्याकाळी मी शाळेत शिकवून परतत होतो, तेव्हा अण्णा जिन्यात उभे दिसले. बरणी हातात. मान तिरकी.

"काय अण्णा?"

"काय न्हाय सर. एखादा राहिलाय का बगायलोय. तुमच्याकडं येतोय का आवाज?"

"छे! एकही नाही," मी उत्साहाने सांगितलं. "एकदम स्वच्छ!"

"असं होय," अण्णा म्हणाले. "बरं झालं की." आणि हळूहळू वर गेले.

घरी आल्यावर मी हा किस्सा सुनंदाला हसत हसत सांगितला. ती हसली नाही.

"किडे होते तोवर त्या माणसाला चार घरं बोलवत होती," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात कुणी वाजवलीय का त्यांची बेल? आपण तरी?"



तिने फोन उचलला. "अण्णा, जरा येता का खाली? किचनमधे कसलातरी आवाज येतोय."

अण्णा आले. मी टीव्ही बंद केला, पंखा बंद केला. किचनमध्ये तिघं उभे राहिलो. नळसुद्धा ठिबकत नव्हता. अण्णांनी डोळे मिटले. त्या कानांना काय ऐकू येत होतं आणि काय नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. डोळे उघडून त्यांनी सुनंदाकडे पाहिलं. मग सिंकजवळ बरणी आडवी ठेवली.

"हाय की अक्का," ते म्हणाले. "लई बारीक यायलाय. वेळ लागंल."

"लागू द्या," सुनंदा म्हणाली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

अण्णा खुर्ची ओढून बसले आणि बोलायला लागले. हरीशबद्दल, तिकडच्या थंडीबद्दल, आणि आजवर कधी नाव न काढलेल्या त्यांच्या बायकोबद्दल. तिला दुपारी घराला लागून असलेल्या शेडमधल्या मागांच्या आवाजातच झोप लागायची, माग थांबले की ती दचकून उठायची. बरणी तशीच राहिली. दिवेलागण होऊन गेली तेव्हा अण्णा उठले.

"आज काय घावला न्हाय," बरणी उचलत ते म्हणाले. "उद्या परत बगावं लागंल."

"या की," सुनंदा म्हणाली. "जेवायलाच या."